चार फुटी चाक

निपाणी
१२ जून १९७८

ती. भीमसेन अण्णा यांस जयभीम.

आठ महिन्यांत तुम्हाला पत्र टाकलं नाही आणि आज टाकतोय ते कामापुरतं, हे आधीच कबूल करतो. म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला राग येणार नाही.

मारुतीरावांच्या तंबाखूच्या वखारीत दोन वर्षं मोटरखोली माझ्याकडे होती. आई तिथंच चाळणीवर आहे. तंबाखू कुटायच्या यंत्राला पाच हॉर्सपॉवरची मोटर आहे आणि मध्ये आसावर एक बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं मोठं चाक, फ्लायव्हील. वायरमनच्या परवान्याच्या परीक्षेला मी खासगी बसतोय. कॉलेज पहिल्याच वर्षी सुटलं तरी या परीक्षेला चालतं. फक्त मालकाच्या सहीचा अनुभवाचा दाखला जोडावा लागतो. अर्ज बेळगावात ३१ जुलैपर्यंत पोचला पाहिजे.

दाखला मिळाला आहे, अण्णा. पण त्याची शेवटची ओळ अशी: "ता. ३ जून रोजी याच्या निष्काळजीपणामुळे मोटर जळाली." या ओळीसकट अर्ज कोण घेईल?

खरं काय झालं ते लिहितो. जुनं चाक तीन फूट व्यासाचं, एकशेवीस किलोचं होतं. मे महिन्यात ते तडकलं. मालकांनी बेळगावातून नवीन ओतून आणलं, चार फुटी, दीडशे किलोचं. मोठं असलं की मजबूत, एवढंच त्यांचं म्हणणं. चाक बसलं २६ मेला, मोटर जळाली ३ जूनला. नऊ दिवस. मध्ये फ्यूज उडायला पाहिजे होता, पण तो सारखा उडतो म्हणून मालकांनी माझ्या आधीच्या माणसाकडूनच त्यात दुहेरी तार घालून घेतली होती.

मी त्यांना म्हणालो, "चाक जड झालंय, मोटरीला उचलंना." ते सगळ्यांच्या देखत हसले. "तीस किलो जास्त झालं तर मोटर जळती व्हय रं? तीस किलो म्हंजे तंबाखूचं एक पोतं न्हाय! पोत्यानं मोटर जाळली म्हण की!" बाकीचेही हसले. आता मोटर आतल्या तारा नव्यानं गुंडाळून आणली आहे, तीच, पाचचीच. खोलीची किल्ली वखारीतल्याच भरमूकडे दिली आहे आणि मी पोती वाहतोय.

तुम्ही डिप्लोमा झालेले, बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात नकाशे काढता. तीस किलोनं एवढा फरक का पडतो याचा हिशेब मला कागदावर द्या. मालक कागदाला मानतात. सगळी मापं मागच्या बाजूला लिहिली आहेत, दोनदा मोजलेली.

तुमचा
सत्याप्पा


अनगोळ
२० जून १९७८

चि. सत्याप्पा यास जयभीम.

पत्र पोचलं. तुझं अक्षर आणि शुद्धलेखन पाहून आनंद झाला. आमच्या ऑफिसात इतकं नीट कोणी लिहीत नाही.

तुझ्या प्रश्नाचं तत्त्व सोपं आहे. सरळ ढकलायच्या वस्तूचं फक्त वजन बघावं लागतं. फिरवायच्या वस्तूचं वजन आसापासून किती लांब आहे तेही बघावं लागतं, आणि ते लांबीच्या वर्गानं मोजतात. लांबी दुप्पट तर अडचण चौपट. या अडचणीला जडत्व आघूर्ण म्हणतात. फिरवणाऱ्या बळाला, म्हणजे पिळाला, टॉर्क म्हणतात. टॉर्कला या अडचणीनं भागलं की वेग दर सेकंदाला किती वाढतो ते मिळतं. तेच कोनीय त्वरण. ते कमी झालं की चाक पूर्ण वेगात यायला उशीर लागतो, आणि तेवढा वेळ मोटर भरमसाट करंट ओढत तापत राहते.

पण प्रत्यक्ष चाक पाहिल्याशिवाय आकडा देणं बरोबर नाही. चाकं तऱ्हेतऱ्हेची असतात. तुला हवंच असेल तर प्रयोग करून काढता येतं. पट्टा काढून चाक मोकळं करायचं, आसावरच्या लहान पुलीला दोर गुंडाळायचा, दोराला वजन टांगून सोडायचं आणि ते किती वेळात किती खाली आलं ते मोजायचं. कृती स्वतंत्र कागदावर देतो. मात्र हे वखारीत जमण्यासारखं नाही.

माझं ऐकशील तर हिशेबाच्या फंदात पडू नकोस. मारुतीराव वयानं मोठे आहेत. थोडं नमतं घे, ओळ काढून देतील. मालकाला कागदानं हरवून आजवर कोणाला काही मिळालेलं नाही.

चाळणीवरून घरी आली की मावशीला नमस्कार सांग.

तुझा
भीमसेन


निपाणी
४ जुलै १९७८

ती. अण्णा यांस जयभीम.

नमतं घेतलं. तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा मालक म्हणाले, "चूक केलीस म्हणून तर वाकतोयस की!" म्हणजे वाकलो तरी मीच चुकीचा आणि नाही वाकलो तरी मीच. आता ते सोडून देतो.

प्रयोग केला. परवा रविवारी वखार बंद होती. भरमूनं किल्ली दिली. माणूस वाईट नाही. "बघ बाबा, पर चाकाला काय झालं तर मी गावाला गेलतो म्हणून सांगीन," एवढंच म्हणाला. आई, शालूबाई, मालुबाई आणि जयाबाई, या चौघीजणी चाळणीवरच्या, गंमत बघायला आल्या होत्या.

आढ्याला कप्पी बांधली, दोर तिच्यावरून घेतला आणि वीस किलोचं वजन टांगलं. सेकंदकाट्याचं घड्याळ कंपाउंडरकडून मागून आणलं. वजन सहा फूट खाली यायला साडेसहा सेकंद लागले. मालुबाई म्हणाली, "वीस किलोचं वजन हाय का वरातीतला नवरा? खाली याया किती नखरं!" मला हसू आलं नाही, कारण पहिल्या वेळी मी मोजायला चुकलो होतो. मग अकरा वेळा केलं. शेवटी सगळ्या कंटाळून जेवायला गेल्या.

बेअरिंगची ओढ तुमच्या कृतीप्रमाणे वजा केली (दोन किलो). चाकाचं जडत्व आघूर्ण शेहेचाळीस आलं. माझ्याकडे अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक आहे. त्यातल्या सूत्रात वजन आणि त्रिज्या घातली तर अठ्ठावीस येतं. अण्णा, शेहेचाळीस कुठं आणि अठ्ठावीस कुठं! दोन रात्री तेवढंच बघतोय. गुणाकार तपासले, घड्याळ पोस्टातल्या घड्याळाशी लावून बघितलं, वजनाचा काटा तपासला. चूक सापडत नाही. हा कागद मालकापुढे ठेवला तर ते पहिल्यांदा हेच विचारतील की तुझ्या पुस्तकात एक आणि तुझ्या दोरात एक कसं. माझ्या कामात मला स्वतःलाच खोट दिसते, तर दुसऱ्याला कशी दिसणार नाही?

आणखी एक. पुलीजवळचा रंग थोडा खरवडावा लागला. खाली ओतीव अक्षरं निघाली. अण्णा, ती तुमच्याच कारखान्याच्या नावाची आहेत. म्हणजे हे चाक तुमच्याकडचंच आहे! मला फार बरं वाटलं. ते कोणी आखलं हे तुम्हाला सहज विचारता येईल. त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या तर माझ्या अकरा प्रयोगांची गरजच नाही.

सत्तावीस दिवस उरले आहेत.

तुमचा
सत्याप्पा


अनगोळ
१० जुलै १९७८

चि. सत्याप्पा,

घाईत लिहितो.

तुझा प्रयोग बरोबर आहे. पुस्तकातलं सूत्र भरीव तबकडीचं आहे, भाकरीसारख्या एकसारख्या जाडीच्या चाकाचं. फ्लायव्हील तसं नसतं. त्यात जवळजवळ सगळं बीड कडेच्या धावेत असतं, मधे नुसते आरे. सगळं वजन अगदी कडेला असतं तर छप्पन्न आलं असतं. आरे आणि मधला तुंबा थोडं खातात म्हणून शेहेचाळीस. जुन्या चाकाचं याच हिशेबानं एकवीस येतं. म्हणजे वजन सव्वापट झालं, पण फिरवायची अडचण सव्वादोन पट झाली. चूक तुझी नव्हती. पुस्तकातलं चाक वेगळं होतं.

आता पुढे. तुमच्याकडे वीज साडेतीनशे व्होल्टनं येते असं तू लिहिलंस. तेवढ्या कमी दाबावर मोटरीचा पीळ चाकाच्या आसाशी चौदा किलो-मीटरच्या (किलो गुणिले मीटर) आसपास मिळतो. त्यातला निम्मा यंत्रच खातं. उरलेल्या सातात जुनं चाक दहा सेकंदांत वेगात येत असेल, नवीनाला बावीस-तेवीस लागतील. वीज जाऊन येऊन दिवसात चार-पाच वेळा मोटर चालू करावी लागली तर ती आठ-दहा दिवसांत जळणारच.

पण सत्या, मग हे सांग. गुंडाळून आणलेली तीच मोटर, तेच चाक, तीच वीज. भरमूच्या हातात ती महिनाभर चालली आहे. का चालली? माझ्या हिशेबाप्रमाणे ती एव्हाना जळायला हवी होती. दोनदा करून पाहिला. आकडे खोटं बोलत नाहीत. तू मला सगळं सांगितलेलं नाहीस.

भीमसेन


निपाणी
१४ जुलै १९७८

ती. अण्णा,

नाही सांगितलं. आता सांगतो.

आमच्याकडे पूर्वी तेलाचं इंजिन होतं. ते चालू करताना चाकाला हात द्यायची पद्धत होती. चाकाच्या कडेवर जुन्या चामडी पट्ट्याचा एक वेढा टाकायचा, चार बायकांनी त्याचं टोक धरून ओढत पळायचं, चाक सुटलं की पट्टा सोडायचा. इंजिन जाऊन मोटर आली तरी पद्धत राहिली. मोटरखोलीत घंटी वाजली की चौघी चाळण्या सोडून येतात. मी स्विचवर होतो तेव्हाही येत होत्या.

मागच्या दिवाळीनंतर एके दिवशी शालूबाईच्या हाताला पट्ट्याचा पीळ बसला. तिनं सोडायच्या आत मी स्विच टाकला होता. तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. वखारीत सगळे म्हणाले तिनं वेळेवर सोडलं नाही. शालूबाईसुद्धा तेच म्हणाली. पण स्विचवर मी होतो. तो अर्धा सेकंद माझा होता.

दुसऱ्या दिवसापासून मी चाकाला हात द्यायची पद्धत बंद केली. कोणाला न विचारता. जुनं चाक मोटर एकटी उचलत होती, काही अडलं नाही. मग हे चार फुटी आलं. मी तरीही हात लावू दिला नाही. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आता भरमू घंटी वाजवतो आणि चौघी पुन्हा ओढतात, त्यात माझी आई आहे. म्हणून त्याची मोटर चालते. मालक निष्काळजीपणा म्हणतात तो हाच. "बायकांचा हात काढला आन् मोटर जाळली, लई शहाणा!" हे लिहिलं तर तुम्हीही त्यांच्याच बाजूनं बोलाल, म्हणून लिहिलं नाही.

तुमचं पत्र आल्यावर काल आणखी एक माप घेतलं. पोती तोलायचा स्प्रिंगचा काटा पट्ट्याला अडकवून प्रत्येकीला ओढायला लावलं. जयाबाई म्हणाली, "आता आमचं वजन करून बाजारात मांडतोस का काय रं?" प्रत्येकीची ओढ सरासरी अठरा किलो. चौघींची बहात्तर. चाकाच्या त्रिज्येनं गुणलं की चव्वेचाळीस किलो-मीटर.

तुम्हीच लिहिलंय, मोटरीचा चौदा.

अण्णा, आम्ही ज्याला नुसता हात देणं म्हणत होतो तो मोटरीच्या तिप्पट आहे. चार-पाच पावलंच असतो, पण सगळ्यात अवघड वेळी असतो. मला हे बघून आनंद व्हायला पाहिजे होता. पण मला राग येतोय. कोणावर ते कळत नाही.

मी लपवलेलं सांगितलं. तुम्हीही एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत. चाक कोणी आखलं?

सत्याप्पा


अनगोळ
१८ जुलै १९७८

सत्या,

मी आखलं.

मारुतीराव मेच्या सुरुवातीला कारखान्यात आले होते. "तडकणार न्हाय असं द्या, फूटभर वाढवा," एवढंच म्हणाले. मोटर किती आहे हे विचारायचं काम माझं होतं. मी विचारलं नाही. तुमच्या वखारीचं नाव ऑर्डरवर होतं, तरी तू तिथं आहेस हे त्या वेळी डोक्यात आलं नाही. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हा मापं बघूनच ओळखलं. नकाशा माझ्या टेबलाखालच्या खणातच होता.

मी इथं अजून कायम नाही. दोन वर्षांची मुदत सप्टेंबरात भरते. आमच्या समाजातला या नकाशाच्या खोलीत बसणारा मी पहिला. एक चूक निघाली की काय बोलतात ते मला पाठ आहे. दुसऱ्याची चूक त्याची एकट्याची असते. कारखान्याच्या कागदावर लिहून मागू नकोस.

येत्या रविवारी, २३ तारखेला, मी निपाणीला येतो. मारुतीरावांशी तोंडी बोलेन. समोर बसून समजावता येतं.

भीमसेन


निपाणी
१ ऑगस्ट १९७८

भीमसेन अण्णा,

चार कच्ची पत्रं लिहून फाडली. हे पाचवं आहे.

तुम्ही आलात. वखारीच्या पायरीवर उभं राहून मी आत ऐकत होतो. मारुतीरावांनी तुम्हाला खुर्ची दिली, चहा मागवला. "काय सायेब, आमचं चाक कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "चाक चांगलं बसलंय."

एवढंच. मग पाऊस कसा आहे, बेळगावात कांदा काय भावानं आहे, इत्यादी. बाहेर आल्यावर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "वेळ बघून बोलावं लागतं." एस.टी.चीच वेळ तेवढी तुम्हाला बघायची होती.

आई घरी भाकरी टाकत होती. नुसतं म्हणाली, "त्यो आकडा काय म्हणालास रं आमचा?"

मी म्हणालो, "चव्वेचाळीस."

"आन् मोटरीचा?"

"चौदा."

"मग त्या मालकाला पगार मोटरीचा द्याया पाहिजे का आमचा?" असं म्हणून तिनं तवा खाली घेतला. मला वाटलं, चेष्टाच करते आहे.

सोमवारी भरमूनं घंटी वाजवली. चौघी आल्या आणि हात पदराखाली घेऊन भिंतीला उभ्या राहिल्या. भरमू म्हणाला, "धरा की." शालूबाई म्हणाली, "न्हाय धरत. हिशेब बघितलाय आम्ही." भरमूनं तसाच स्विच टाकला. मी पोतं खाली ठेवून मोजत होतो. तेवीस सेकंद. अण्णा, तुमचा हिशेब अगदी बरोबर होता, हे तुम्हाला कळवावं म्हणून लिहितो.

बुधवारी वीज पाच वेळा गेली. पाचव्या वेळी चालू करताना वॉर्निशचा जळका वास आला. धूर दिसला तसा मारुतीरावांनी स्वतः धावत येऊन स्विच काढला. मोटर थोडक्यात वाचली. यंत्र बंद. तंबाखू हातानं कुटायला माणसं बसवली.

शुक्रवारी त्यांनी मला आत बोलावलं. पहिल्यांदाच बसायला सांगितलं. टेबलावर नवीन दाखला होता, टाइप केलेला, शेवटच्या ओळीशिवायचा. सही राहिली होती.

"साडेसात-धाची मोटर आणतो," ते म्हणाले. "तू म्हणतोस ते पटलं मला. पर यायला महिना जाईल. तंवर बायकास्नी सांग हात द्यायला. तुझं ऐकत्यात त्या. तू सांग, मी सही करतो."

अण्णा, तो कागद माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तारीख २८ होती. मी शालूबाईच्या हाताचा विचार करत होतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी शेवटच्या ओळीची जागा बघत होतो. कोरी होती. खूप वेळ बघितली.

मग म्हणालो, "मी नाही सांगणार."

"मग जुनाच लाव," असं म्हणून त्यांनी नवीन दाखला खणात टाकला.

तोच लावला. काल, ३१ तारखेला, बेळगावला जाऊन अर्ज खिडकीवर दिला. कारकुनानं दाखला वाचला आणि चष्म्यावरून बघितलं. "हाच जोडायचा? असला दाखला कोण जोडतं?" मी म्हणालो, "हो, आणि त्याच्या मागं हे दोन कागद." त्यांत सगळी मापं आणि हिशेब आहे, शालूबाईच्या बोटांसकट, स्विचवर मी होतो यासकट. खाली लिहिलं आहे: "चाक आखणारे: भीमसेन कांबळे," आणि तुमच्या कारखान्याचं नाव आणि पत्ता.

तुम्हाला न विचारता लिहिलं. तुम्ही नको म्हणाला असता.

हिशेब चुकला असेल तर त्यांनी तुम्हाला विचारावं. चुकला नसेल तरी विचारावं.

सत्याप्पा


अनगोळ
२३ ऑगस्ट १९७८

चि. सत्याप्पा यास जयभीम.

तुझं पत्र आल्यावर तीन आठवडे मी तुला उत्तरं लिहीत होतो. प्रत्येकात तुला शिव्याच होत्या. एक तर सहा पानी झालं. तू माझं नाव लिहिलंस याचा मला इतका संताप आला की तीन दिवस मी पेन्सिलीला टोक काढण्यापलीकडे काही केलं नाही. मी तुला टाळलं होतं आणि तू मला टाळू दिलं नाहीस, हे समजायला वेळ लागला.

सोमवारी दुपारी फोरमनसाहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला. परीक्षा मंडळाचे एक अधिकारी होते. फोरमननी रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि स्वतः तिथंच, माझ्या कोपराजवळ उभे राहिले.

"निपाणीच्या वखारीचं चार फुटी फ्लायव्हील तुम्ही आखलं?"

मी हो म्हणालो.

"मोटर किती हॉर्सपॉवरची आहे ते विचारलं होतं?"

नाही म्हणालो.

"मुलाचा हिशेब तुम्ही तपासलाय?"

"तपासलाय. बरोबर आहे. पाच हॉर्सपॉवरला ते चाक एकट्यानं झेपणारं नाही. मोटर जळाली ती चाकामुळे. चूक माझी आहे."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "असंच लेखी आणून द्या. दाखल्यातल्या ओळीला ते जोडतो. नुसत्या फोनवर मला तो अर्ज मान्य करता येत नाही."

रिसीव्हर ठेवला तेव्हा फोरमन म्हणाले, "कांबळे, हे आधी मला सांगायला काय झालं होतं?" ते ओरडले असते तर बरं झालं असतं. माझा कायम होण्याचा कागद कधी येईल, येईल की नाही, ते मी विचारलेलं नाही.

काल अर्ध्या दिवसाची रजा टाकून लेखी देऊन आलो. त्या अधिकाऱ्यांनी तुझे दोन कागद मला दाखवले. त्यांनी फक्त एका जागी लाल रेघ मारली होती, शालूबाईच्या अपघाताच्या ओळीखाली. तोंडी परीक्षेत त्याबद्दल विचारतील. तयार राहा आणि मला लिहिलंस तसंच सांग, अर्ध्या सेकंदासकट. तुझा अर्ज मान्य झाला आहे. परीक्षा अकरा सप्टेंबरला, सकाळी साडेदहा. आदल्या दिवशी इकडे मुक्कामाला ये. येणार नसलास तरी मी स्टँडवर येऊन थांबेन.

मावशीला आणि त्या तिघींना माझा नमस्कार सांग. मोठी मोटर येईपर्यंत पट्ट्याला हात लावू नका म्हणावं. माझं ऐकतील असं नाही, पण माझ्याही तोंडून गेलेलं असू दे.

आज सकाळी टेबलावर नवीन ऑर्डर आली आहे. संकेश्वरच्या एका गिरणीला पाच फुटी चाक हवं आहे, "मजबूत, न तडकणारं." नकाशाचा कागद पसरून ठेवला आहे, पण त्यावर रेघ ओढलेली नाही. गिरणीवाल्याला कार्ड टाकलं आहे: मोटर किती हॉर्सपॉवरची, वीज किती व्होल्टनं येते, आणि चालू करताना चाकाला कोण हात देतं. फोरमननी ते वाचलं, तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे काय?"

मी म्हणालो, "हेच राहून गेलं होतं."

तुझा
भीमसेन